जबड्यातून कानात

कानाच्या भोकाच्या किंचित पुढे बोट टेकवून तोंड उघडलं की बोटाखाली एक गाठ पुढे सरकताना लागते. हा खालच्या जबड्याचा सांधा. दातांचे डॉक्टर त्याला टीएमजे म्हणतात आणि झोपेत दात खाणाऱ्यांना तो चांगलाच परिचयाचा असतो. या सांध्याच्या मागे, हाडाच्या पातळ भिंतीपलीकडे, कानाची नळी आहे. नळीच्या आतल्या टोकाला पडदा, आणि पडद्यामागच्या छोट्याशा पोकळीत हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं. शाळेत आपण या तिघांची नावं पाठ करतो, रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड एवढं एका गुणासाठी लक्षात ठेवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. जबडा आणि कान एकमेकांच्या इतके शेजारी का, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर असं की हातोडी आणि ऐरण ही मुळात जबड्याची हाडं होती. आपले फार लांबचे पूर्वज ज्या सांध्यावर तोंड उघडत-मिटत होते, तो सांधा आज आपल्या कानात आहे. आपण ज्यावर घास चावतो तो नंतर आलेला.

पृष्ठवंशीय प्राण्यांचं शरीर कसं घडत गेलं आणि ते चालतं कसं, या अभ्यासाची मराठी वाचकाला ओळख करून द्यावी, हा या पुस्तकाचा हेतू. पुढच्या प्रकरणांत पंख, खूर, मणके, दात, फुप्फुसं येतील. प्रस्तावनेपुरतं मात्र मी मधल्या कानाचं एकच उदाहरण धरून ठेवणार आहे. या शास्त्रातले बहुतेक मोठे वाद आणि बहुतेक सगळ्या पद्धती या तीन हाडांवरून गेलेल्या आहेत, हे एक कारण. दुसरं अधिक महत्त्वाचं. शरीरात कितीही मोठा बदल झाला तरी तो होत असताना त्या प्राण्याला जगावंच लागतं. खाणं, पळणं, ऐकणं, श्वास घेणं यांतलं काहीच दोन-चार पिढ्यांसाठी तहकूब ठेवता येत नाही. त्यामुळे एखादं हाड कुठून आलं हा प्रश्न, वाटेत ते काय काम करत होतं हे कळल्याशिवाय सुटत नाही. मला या शास्त्राबद्दल जे सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते या तीन हाडांइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

हे दोन प्रश्न सुरुवातीला एकमेकांचे वैरी होते. 1830 च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या विज्ञान अकादमीत जॉर्ज क्युव्हिए आणि एतिएन जॉफ्रॉय सेंट-हिलेर या दोन जुन्या सहकाऱ्यांमध्ये जाहीर वाद पेटला. निमित्त होतं माखलीसारख्या प्राण्यांची रचना पृष्ठवंशीयांसारखीच आहे का, हे. खरा मुद्दा मोठा होता. क्युव्हिएच्या मते अवयवाचं रूप त्याच्या कामावरून ठरतं. मांस खाणाऱ्याचे दात, नखं, आतडी सगळी एकमेकांना साजेशी असणारच, नाहीतर तो प्राणी जगणार नाही. जॉफ्रॉयचं म्हणणं उलट: आराखडा आधी, काम नंतर. घोड्याचा पाय, वटवाघळाचा पंख आणि माणसाचा हात यांच्यात हाडांचा क्रम एकच आहे, मग ती हाडं काहीही करोत. दूर जर्मनीत, वायमारमध्ये, ऐंशीचा कवी गटे या वादावर इतकं लक्ष ठेवून होता, की ऑगस्टमध्ये पॅरिसहून जुलै क्रांतीची बातमी आली तेव्हा पाहुण्याशी बोलताना ‘स्फोट झाला’ म्हणून तो ज्याबद्दल उत्तेजित झाला होता ती क्रांती नव्हतीच, हा वाद होता. गटेला यात रस असणं साहजिक होतं. माणसाच्या वरच्या जबड्यातलं, पुढचे दात धरणारं हाड त्याने 1784 मध्ये स्वतः शोधून दाखवलं होतं.

क्युव्हिए वादात जिंकला असं तेव्हा मानलं गेलं. मला मात्र त्याच्या सर्वांत प्रसिद्ध प्रयोगातच त्याची हार दिसते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीतल्या जिप्समच्या खाणीत एका लहान प्राण्याचा सांगाडा मिळाला होता, अर्धा दगडात गाडलेला. जबडा आणि दात बघून क्युव्हिएने सांगितलं की हा ऑपोसमच्या कुळातला, म्हणजे पिशवीवाला प्राणी आहे. मग साक्षीदारांसमोर दगड कोरून ओटीपोटापुढची, पिशवीवाल्या प्राण्यांत असतात ती दोन हाडं बाहेर काढून दाखवली. ही गोष्ट 1804 ची. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. पण दात आणि ओटीपोटापुढची हाडं यांचा कामाच्या दृष्टीने संबंध काय? काहीही नाही. अमेरिकेतल्या ऑपोसममध्ये हे दोन्ही एकत्र असतात हे क्युव्हिएला माहीत होतं, इतकंच. ती दोन लक्षणं सोबत राहिली ती एका वंशातून आली म्हणून. कामाचा पुरस्कर्ता वंशाच्या जोरावर पैज जिंकला आणि त्याला ते कळलंही नाही.

जॉफ्रॉयचीही गोष्ट फार वेगळी नाही. सगळ्या पृष्ठवंशीयांचा आराखडा एक, तर माशाच्या कल्ल्यांवरचं झाकण ज्या हाडांचं बनतं ती हाडं आपल्यात कुठे गेली? 1818 मध्ये त्याने उत्तर दिलं: कानात. कल्ल्यांवरच्या झाकणाची हाडं म्हणजेच आपली कानातली हाडं. प्रश्न अचूक होता, उत्तर साफ चुकीचं. नुसत्या आकारावरून आणि जागेवरून जुळवाजुळव करत गेलं की असं होतं.

बरोबर उत्तर 1837 मध्ये कार्ल राइखर्टने दिलं. बर्लिनमध्ये तो डुकराचे गर्भ, एकेका अवस्थेतले, चिरून बघत होता. गर्भाच्या खालच्या जबड्यात आधी एक लांब कूर्चेची काडी तयार होते. ती मेकेलने त्याआधीच, 1820 मध्ये, वर्णिली होती. राइखर्टला दिसलं की या काडीचं मागचं टोक हळूहळू तुटून कानात राहतं आणि तीच हातोडी बनते. तिच्याशी सांधलेला तुकडा ऐरण बनतो. सरडा, मगर, कासव, पक्षी यांच्यात खालच्या जबड्याचं मागचं हाड कवटीच्या ज्या हाडाशी सांधलेलं असतं, तीच ही जोडी. सस्तन प्राण्यांत तेवढी कानात आली. हे लिहिलं तेव्हा डार्विनचं पुस्तक यायला बावीस वर्षं अवकाश होता, म्हणून हाडं ‘आली’ म्हणजे नेमकं काय झालं, हे राइखर्टला सांगायची गरज पडली नाही. तो नकाशा काढत होता. प्रवास झाला असेल असं त्याच्या मनात नव्हतं.

त्या काळात एका मूळ अवयवाची निरनिराळ्या प्राण्यांतली रूपं ओळखण्याला काटेकोर व्याख्या दिली ती लंडनच्या रिचर्ड ओवेनने, 1843 मध्ये. या ओवेनचा महाराष्ट्राशी एक जुना धागा आहे. मुंबईत वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात, बोटाच्या पेराएवढे बेडूक सापडले होते; त्यांचं वर्णन त्याने 1847 मध्ये केलं. आज त्या बेडकाचं नाव इंडोबॅट्रॅकस. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना नागपूरच्या दक्षिणेला मांगलीच्या दगडात मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटीही 1855 मध्ये त्याच्याच टेबलावर गेली. दख्खनचे दगड लंडनला जायचे आणि नाव घेऊन परत यायचे, असा तो काळ.

डार्विननंतर राइखर्टचा नकाशा एकदम अवघड झाला. आता प्रत्यक्ष प्राणी पिढ्यान् पिढ्या जगत असताना हा बदल झाला, असं म्हणावं लागणार होतं. जुना सांधा काढून कानात न्यायचा आणि त्याच्या जागी नवा बसवायचा, तर मधल्या काळात त्या प्राण्याने खायचं कसं? मुंबईत रूळ बदलायचे तर रविवारी मेगाब्लॉक घेतात. जबड्याला मेगाब्लॉक नाही. अनेक चांगल्या शरीररचनातज्ज्ञांना हा आक्षेप निर्णायक वाटत होता, आणि त्यांना हसण्यासारखं त्यात काही नाही. जर्मनीच्या अर्न्स्ट गाउपने 1913 मध्ये राइखर्टच्या सिद्धान्ताच्या बाजूने गर्भविज्ञानाचा सगळा पुरावा एका जाडजूड ग्रंथात मांडला तरी हा आक्षेप शिल्लकच राहिला. गर्भ फक्त क्रम दाखवतो. त्या क्रमाने एखादा प्राणी जगू शकला असता का, हे तो सांगत नाही. त्यासाठी दगडच फोडायला हवे होते.

दगड दक्षिण आफ्रिकेत होते. कारूच्या विस्तीर्ण कोरड्या पठारावर अँड्र्यू गेडिस बेन नावाचा माणूस रस्ते बांधायचा आणि रस्त्याच्या कामात दिसणारी हाडं जमवायचा. त्याने लंडनला पाठवलेल्या पेट्यांमधून एका अनोख्या प्राणीसमूहाचा पहिला सुगावा लागला. 1845 मध्ये त्यांतल्या एकाचं नाव ओवेनने ठेवलं डायसिनोडॉन. पुढे रॉबर्ट ब्रूम या विक्षिप्त डॉक्टरने आयुष्य त्यांच्यामागे घातलं. हे प्राणी दिसायला सरपटणाऱ्यांसारखे, पण वंशाने सस्तन प्राण्यांच्या बाजूचे. या वंशातले जबडे काळाच्या क्रमाने मांडले की एक गोष्ट कोणालाही दिसते. खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला पुढचं, दात धरणारं हाड मोठं होत जातं, आणि मागची चार-पाच हाडं बारीक, सैल, कडेला ढकलल्यासारखी होत जातात. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या थ्रिनॅक्सोडॉनमध्ये ती पुढच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या खाचेत कशीबशी बसलेली आहेत. तरीही सांधा त्यांच्याच हाती.

मग 1958 मध्ये ए. डब्ल्यू. क्रॉम्प्टन यांनी अशा एका प्राण्याचं वर्णन केलं ज्याचं नावच मुळी ‘दोन सांध्यांचा जबडा’ अशा अर्थाचं आहे: डायार्थ्रोग्नॅथस. त्याच्यात जुना सांधा होता आणि त्याला खेटून पुढचं हाड कवटीला टेकलेलंही होतं. वेल्समधल्या चुनखडीच्या खाणींत, दगडाच्या भेगांत भरलेल्या गाळातून, मॉर्गान्युकोडॉनची हजारो बारीक हाडं निघाली होती. वॉल्टर क्यूनेने त्याला 1949 मध्ये नाव दिलं आणि लंडनच्या केनेथ करमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे वर्षानुवर्षं खपून त्याचा जबडा आणि कवटी जुळवली. हा चिचुंदरीच्या चणीचा, सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. त्याच्या जबड्याला दोन्ही बाजूंना दोन-दोन सांधे आहेत, आणि दोन्ही चालू. नवा सांधा भार घेतो, जुना अजून जागेवर आहे. म्हणजे खाणं एक दिवसही थांबलेलं नव्हतं. गाउपच्या विरोधकांनी जी अवस्था अशक्य मानली होती ती प्रत्यक्षात एका लहानशा कीटकखाऊ प्राण्याचं रोजचं आयुष्य होती.

तरीही ‘का’ उरतंच. मागची हाडं लहान का होत गेली? क्रॉम्प्टन आणि इतरांनी स्नायूंकडे बोट दाखवलं. सरड्याच्या जबड्याचे स्नायू दातांच्या मागे, वर ओढतात, त्यामुळे चावताना सांध्यावर जोराचा दाब येतो. सस्तन प्राण्यांत कानशिलाचा आणि गालाचा स्नायू वेगवेगळ्या दिशांना ओढतात आणि त्यांचा एकत्रित जोर दातांवरच जाऊन पडतो. सांधा हलका राहतो. सांध्यावर भार नाही, म्हणून तिथली हाडं बारीक झाली तरी चालतं. फार देखणं स्पष्टीकरण. पाठ्यपुस्तकांत ते पक्कं बसलं. 2018 मध्ये स्टेफन लाउटनश्लागर, एमिली रेफील्ड आणि सहकाऱ्यांनी ते मोजून बघितलं. पूल आणि विमानाचे भाग किती ताण सोसतील हे काढायला अभियंते जी गणिती पद्धत वापरतात, तीच त्यांनी सीटी स्कॅनवरून बनवलेल्या या प्राण्यांच्या कवट्यांवर लावली. चावण्याचा जोर वाढतोय आणि त्याच वेळी सांध्यावरचा ताण कमी होतोय, असं या वंशात अपेक्षित ठिकाणी दिसलंच नाही. तशी सुधारणा नवा सांधा आल्यानंतरची. सांध्यावरचा ताण कमी केला तो बहुधा एका साध्या गोष्टीने: प्राणी लहान होत गेले. इवल्याशा प्राण्याच्या जबड्यावर येणारा एकूण भारच कमी, त्यामुळे मागची हाडं नाजूक होणं परवडलं.

या निष्कर्षावर शेवटचा शब्द झाला आहे असं मी म्हणणार नाही. पण कामाबद्दलचं अनुमान कितीही पटणारं असलं तरी ते मोजता येईपर्यंत अनुमानच असतं, हे या शास्त्राने गेल्या तीस-चाळीस वर्षांत शिकून घेतलं, आणि मला ते नवीन जीवाश्मांइतकंच मोलाचं वाटतं. सीटी स्कॅन आल्यापासून दगड न फोडता कवटीच्या आतली पोकळी, आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नळ्या, मज्जातंतूंच्या वाटा दिसू लागल्या. जिवंत प्राण्याच्या हाडांत बारीक खुणा बसवून दोन क्ष-किरण कॅमेऱ्यांनी तो चावतोय, धावतोय असं त्रिमितीत टिपता येऊ लागलं. पूर्वी मेलेल्या हाडावरून चालणाऱ्या प्राण्याची कल्पना करावी लागे. आता निदान आजच्या प्राण्यांपुरतं तरी हाड काम करताना बघता येतं आणि मग मागे जाता येतं.

आता कानाची बाजू. हवेतला आवाज आतल्या कानातल्या द्रवात शिरवणं अवघड असतं. हवेतून पाण्यात जाताना ध्वनीची 99 टक्क्यांहून अधिक ऊर्जा पृष्ठभागावरूनच परत फिरते. मधला कान ही अडचण सोडवतो. पडद्याचं क्षेत्रफळ मोठं, रिकिबीचा तळवा ज्या खिडकीवर टेकतो तिचं सतराएक पट लहान, शिवाय हातोडी-ऐरणीची थोडी तरफ. सगळं मिळून दाब सुमारे 22 पट वाढतो. हे वाचल्यावर कोणालाही वाटेल की ही यंत्रणा ऐकण्यासाठीच बनवली. पण एडगर अ‍ॅलिनने 1975 मध्ये जे सुचवलं ते जास्त रोचक आहे. त्याच्या मते ही हाडं जबड्यात असतानाच ऐकू लागली होती. खालच्या जबड्याच्या मागच्या एका हाडाला पातळ पापुद्र्यासारखी बाजू फुटलेली असते. ती डायमेट्रोडॉन या आपल्याच वंशाच्या बाजूच्या प्राचीन प्राण्याच्याही काळापासून आहे. तिच्या आधाराने ताणलेला पडदा आवाज पकडत असावा आणि कंप हातोडी-ऐरणीच्या पूर्वजांतून, म्हणजे चावायच्या सांध्यातूनच, आत जात असावा. ते हाड आज आपल्या कानाच्या पडद्याला धरून ठेवणारं कडं आहे. म्हणजे एकाच वेळी दोन नोकऱ्या. हाडं बारीक होणं चावण्याच्या दृष्टीने परवडलं आणि ऐकण्याच्या दृष्टीने फायद्याचं ठरलं, कारण हलकी हाडं उंच पट्टीचे आवाज जास्त चांगले पोचवतात. स्वतःच्या डोक्याएवढा कीटक रात्री पानांखालून सरकतोय, हे चिचुंदरीएवढ्या प्राण्याला ऐकू येणं म्हणजे जेवणच.

रिकीब या प्रवासात सामील नव्हती; ती आधीच येऊन बसली होती. माशांत ती जबडा कवटीला टांगून ठेवणारी मोठी तुळई आहे. केंब्रिजच्या जेनी क्लॅकने 1989 मध्ये ग्रीनलंडमधल्या अ‍ॅकँथोस्टेगा या आद्य चतुष्पादाची रिकीब दाखवली तेव्हा ती जाडजूड निघाली, ऐकण्यापेक्षा आधार देण्याच्या कामाची. पडद्याचा कान बेडकांत, सरड्यांत आणि सस्तन प्राण्यांत स्वतंत्रपणे तयार झाला असावा, हे लोम्बार्ड आणि बोल्ट यांचं 1979 चं म्हणणं आज बहुतेकांना मान्य आहे. वरळीच्या त्या बेडकाचा वंशही कानातल्या एकाच हाडावर आजवर निभावून नेत आला आहे, आणि त्याचं काही अडलेलं नाही.

गर्भाकडे परत येऊ, कारण राइखर्टनंतर तिथे बरंच घडलं. ऑपोसमचं पिल्लू जेमतेम दोन आठवड्यांच्या गर्भवासानंतर जन्मतं. तेव्हा त्याचा नवा सांधा तयारच नसतो. पहिले काही आठवडे ते आईला चिकटून दूध पितं ते हातोडी-ऐरणीच्या कूर्चेच्या सांध्यावर. आपल्या कानात जे आहे त्यावर त्याचा जबडा हलतो. जनुकांच्या पातळीवरही तेच. 1993 मध्ये उंदरांत ‘हॉक्सए2’ हा एक जनुक निकामी केल्यावर रिकीब नाहीशी झाली आणि हातोडी-ऐरणीचा दुसरा, आरशातला वाटावा असा जोड उगवला. म्हणजे गर्भाच्या गळ्याशी बनणाऱ्या कल्ला-कमानींपैकी, रिकीब घडवणाऱ्या दुसरीने हातोडी-ऐरण घडवणाऱ्या पहिलीचं काम सुरू केलं. झेब्राफिशमध्ये जबड्याचा सांधा ज्या जनुकाशिवाय बनत नाही, तोच जनुक उंदराच्या हातोडी-ऐरणीच्या सांध्यात कामाला असतो.

वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक हातात घेतलं तर मला आनंद होईल, कारण त्यांना जे रट्टा मारून पाठ करावं लागतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींना इथे कारण सापडतं. हातोडी ताणणाऱ्या स्नायूला चावण्याच्या स्नायूंचीच नस का? रिकिबीच्या स्नायूला चेहऱ्याची का? कारण हातोडी-ऐरणीची जोडी पहिल्या कमानीची, रिकीब दुसरीची. नसा आपापल्या स्नायूंना सोडून गेल्या नाहीत. जिभेची चव वाहून नेणारी एक नस कानाच्या मधल्या पोकळीतून, हातोडी आणि ऐरण यांच्या मधून, का जाते? आणि कानाच्या ऑपरेशननंतर काही रुग्णांना तोंडात धातूसारखी चव का येते? ती नस पूर्वी जबड्याच्या याच हाडांशेजारून जात होती. हाडं सरकली, तीही त्यांच्यासोबत अडकली. ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये लहान जबडा आणि कानाचे दोष हातात हात घालून येतात, त्याचंही मूळ इथेच.

अशा वळणदार नसा दाखवून ‘बघा, किती गबाळं काम’ असं म्हणायची एक फॅशन आहे. जिराफाच्या मानेतून छातीपर्यंत जाऊन परत वर येणाऱ्या स्वरयंत्राच्या नसेचं उदाहरण तर आता ऐकून कंटाळा येतो. शरीर ही अप्रतिम रचना आहे म्हणणाऱ्यांना खोडून काढण्यापुरतं ते ठीक. पण त्यात वंश दिसतो आणि काम दिसत नाही. ती नस जिराफाला पुरते का, किती वेळ घेते, जाड असते की बारीक, हे प्रश्न विचारायचेच राहून जातात. टिंगल हे काही स्पष्टीकरण नव्हे.

कानाच्या गोष्टीचं सर्वांत अनपेक्षित वळण भारतात घडलं. 1970 च्या दशकात अशोक सहानी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी कच्छमधून प्राचीन देवमाशांचे जीवाश्म वर्णिले. हे देवमासे पाय असलेले, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातले. पुढे सुनील बाजपेयी आणि अमेरिकेतले हान्स थेविसन यांनी तिथे बरंच काम केलं. 2004 मध्ये या गटाने एक शोधनिबंध दिला: खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूचं भोक या वंशात क्रमाक्रमाने मोठं होत जातं. आजच्या दातवाल्या देवमाशांत याच भोकाच्या आधाराने चरबीची गादी जबड्यातून कानापर्यंत जाते आणि पाण्यातला आवाज जबड्यातूनच ऐकू येतो. कच्छच्या रेमिंग्टनोसीटसमध्ये ही व्यवस्था चांगलीच रुजलेली दिसते. जमिनीवरचं ऐकणं त्यांना तेव्हा पूर्ण सोडूनही चालणार नव्हतं. दोन्ही वाटा काही काळ सोबत राहिल्या. मॉर्गान्युकोडॉनच्या दोन सांध्यांसारखंच. ज्या जबड्याने पंधरा कोटी वर्षांपूर्वी आपली हाडं कानाला दिली, तो जबडाच पुन्हा ऐकू लागला, मात्र वेगळ्या साधनाने.

देवमाशांचे जमिनीवरचे नातेवाईक कोण, हाही प्रश्न कानानेच सोडवला. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून दगड गोळा केले होते आणि 1971 मध्ये इंडोहायस या लहान खुरवाल्या प्राण्याला नाव दिलं होतं. त्यांच्या निधनानंतर पत्नीने न फोडलेले दगड थेविसन यांच्याकडे सोपवले. ते साफ करताना एक कवटी चुकून तुटली आणि कानाच्या हाडाची आतली भिंत दिसली: जाड, भरीव, फक्त देवमाशांत असते तशी. 2007 मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. मांजराएवढा, हरणाच्या ठेवणीचा हा प्राणी देवमाशांचा सर्वांत जवळचा ज्ञात नातेवाईक ठरला. त्याच्या पायांची हाडंही जड आहेत, पाण्यात पाय रोवून चालणाऱ्या प्राण्यांसारखी.

गोष्ट पूर्ण झाली असं कोणाला वाटलं तर 2024 कडे बघावं. ब्राझीलमधल्या दोन लहान जीवाश्मांच्या सीटी स्कॅनवरून दिसलं की रिओग्रांडिया या प्राण्यात नव्या प्रकारचा संपर्क आधी मानलं होतं त्याच्या सुमारे 1 कोटी 70 लाख वर्षं आधीच होता, आणि सस्तन प्राण्यांच्या अधिक जवळच्या ब्राझिलोडॉनमध्ये तो नव्हता. म्हणजे नवा सांधा एकापेक्षा जास्त वेळा जमून आला. चीनमधल्या यानोकोनोडॉन आणि ओरिगोलेस्टीस या जीवाश्मांवरून जबड्यापासून कान सुटा होण्याची गोष्टही तितकीच वेडीवाकडी दिसते. सरळ शिडी कुठेच नाही.

पुस्तक क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. हाडांची नावं पहिल्यांदाच भेटणाऱ्याने दातांचं प्रकरण आधी घ्यावं, ते सर्वांत सोपं आहे. मणक्यांचं शेवटी. परिभाषा जिथे शाळेच्या पुस्तकातली आहे तिथे तीच ठेवली, आणि जिथे मराठी शब्द कोशाबाहेर कोणी वापरत नाही तिथे परका शब्द देवनागरीत लिहिला आहे.

दातांच्या प्रकरणात प्राणहिता-गोदावरीचं खोरं येतं. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून तिथल्या ज्युरासिक काळातल्या खडकांना नाव मिळालं आहे. त्यांतून बारापासॉरससारखे अजस्र डायनोसॉर निघाले तसेच, गाळ धुऊन चाळून, मिलिमीटरभराचे सस्तन प्राण्यांचे दातही. 1981 मध्ये नाव मिळालेल्या त्यांतल्या एकाला जे. बी. एस. हाल्डेन यांच्या स्मरणार्थ कोटाथेरियम हाल्डेनाय म्हणतात. मिळालेलं बहुतेक सारं म्हणजे सुटे दात. दातावरून तो काय खायचा हे कळतं, ऐकायचा कसा हे कळत नाही. या खडकांतून कोणाला खालचा जबडा मिळाला तर दात मोजण्याआधी तो उलटा करून आतली बाजू बघावी. मागच्या टोकाकडे लांबट खाच असेल, तर हातोडीची पूर्वज अजून तिथेच बसत होती.